चूर्ण, पिंड आणि अवयवी

बारीक खनिज दाबून, चिकटवून किंवा भाजून त्याचे ठरावीक आकाराचे पिंड करणे हा पोलादनिर्मितीतील नेहमीचा टप्पा आहे. साच्यात दाबून केलेल्या पिंडाला कारखान्यात ब्रिकेट म्हणतात, गोल फिरवून वळलेल्या गोळीला पेलेट. या साध्या दिसणाऱ्या कामात तत्त्वज्ञानातला एक जुना आणि अवघड प्रश्न दडलेला आहे. चूर्णाचा पिंड झाला तेव्हा जगात एक नवी वस्तू आली, की तेच कण फक्त एकमेकांना चिकटून बसले? भारतीय दर्शनांत हा प्रश्न अवयव (भाग) आणि अवयवी (भागांची सबंध वस्तू) यांच्या नात्याचा प्रश्न म्हणून शतकानुशतके वादला गेला. न्याय-वैशेषिकांनी अवयवी खरा मानला, बौद्धांनी तो नाकारला, आणि सांख्यांनी प्रश्नाची मांडणीच बदलली. मातीचा घडा आणि सुताचे वस्त्र ही त्या वादातली ठरलेली उदाहरणे होत. खनिजाचा पिंड हे उदाहरण त्यांच्या पंक्तीत बसते आणि काही बाबतींत वाद पुढेही नेते, कारण इथे प्रत्येक पक्षाचे म्हणणे मोजून पाहता येते.

पिंडाची गरज

झोतभट्टीत वरून लोहखनिज, कोक आणि चुनखडी यांचे थर सोडतात आणि खालून सुमारे १,००० ते १,२०० अंश सेल्सिअस तापलेली हवा फुंकतात. कोक जळून तयार झालेला कार्बन मोनॉक्साइड थरांमधून वर चढतो आणि वाटेत खनिजातला ऑक्सिजन काढून घेतो. हे घडायचे तर वायूला वर जाण्यासाठी खड्यांमध्ये फटी हव्यात. साधारण १० ते ४० मिलिमीटरचे खडे असले की फटी राहतात. त्याजागी चूर्ण पडले तर फटी बुजतात, झोत अडतो, वायू एखादीच वाट फोडून वर उसळतो, आणि बाकीचा थर कच्चा राहतो. चूर्णाचा काही भाग तर वायूबरोबर उडूनच जातो.

दुसऱ्या बाजूला, खाणीत चूर्ण होणे टळत नाही. छिद्रण, सुरुंग, फोडाई आणि वाहतूक यांत खनिज झिजते. खनिज निकृष्ट असेल तर लोहाचे कण निरुपयोगी दगडापासून सुटे करण्यासाठी ते मुद्दाम पिठासारखे दळावे लागते. दळल्यावर लोहाचे प्रमाण वाढते, पण भट्टीत घालण्याची योग्यता जाते. शुद्ध हेमॅटाइटमध्ये वजनाने सुमारे ७० टक्के लोह असते, मग ते खड्याच्या रूपात असो वा धुळीच्या. रासायनिक विश्लेषणात दोहोंमध्ये भेद सापडत नाही. भट्टीला मात्र एक चालते आणि दुसरे चालत नाही. म्हणजे ज्या भेदावर सगळे अडते तो भेद कशाचा बनला आहे यात नसून कसा रचला आहे यात आहे. अवयवीचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

पिंड करण्याच्या रीती

चूर्ण एकत्र आणण्याच्या मुख्य रीती तीन आहेत. सिंटर करताना चूर्णात कोकची बारीक भुकटी मिसळून थर पेटवतात. कण कडांनी वितळून एकमेकांना धरतात आणि सच्छिद्र ढेप तयार होते. पेलेटसाठी ओलसर, अतिशय बारीक चूर्ण फिरत्या तबकडीत किंवा पिंपात घोळवून ८ ते १६ मिलिमीटरच्या गोळ्या वळतात आणि त्या सुमारे १,२५० ते १,३५० अंशांवर भाजतात. ब्रिकेटसाठी चूर्णात बंधक मिसळून ते उलट दिशांनी फिरणाऱ्या दोन रुळांमध्ये सोडतात. रुळांवर समोरासमोर अर्ध्या-अर्ध्या खळग्या कोरलेल्या असतात. त्या जुळतात तिथे चूर्ण जबर दाबाखाली उशीच्या आकाराची वडी होऊन खाली पडते. पेलेटचा प्रसार होण्याआधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, गुस्ताफ ग्रोंडाल याच्या पद्धतीने बारीक लोहखनिजाच्या वड्या दाबून त्या बोगद्यासारख्या भट्टीत भाजत असत.

बंधक म्हणून उसाची मळी आणि विरलेला चुना ही जोडी फार वापरली जाते. मळीतली साखर आणि चुना यांचा संयोग होऊन वाळल्यावर टणक होणारे संयुग बनते. सिमेंट, सोडियम सिलिकेट, बेंटोनाइट माती आणि स्टार्च यांचाही उपयोग होतो. ताजी वडी कच्ची असते. तिला काही काळ मुरू द्यावे लागते. मग ती उंचीवरून टाकून, दाबून आणि फिरत्या पिंपात घोळसून तपासतात.

ही रीत लोहखनिजापुरती नाही. पोलादाच्या भट्टीत स्लॅग, म्हणजे धातूवर तरंगणारा वितळलेला मळ, पातळ व्हावा म्हणून फ्लोरस्पार घालतात. चुना वितळायला २,५०० अंशांहून अधिक तापमान लागते, तर फ्लोरस्पार सुमारे १,४०० अंशांवर वितळतो आणि चुन्याला विरघळायला मदत करतो. शुद्धीकरणानंतर फ्लोरस्पार बहुतेक बारीक पुडीच्या रूपात हाती येतो, आणि ती पुडी तापलेल्या भट्टीत टाकली तर वायूबरोबर उडून जाते. वडी केली तर ती जड असल्यामुळे स्लॅगपर्यंत पोहोचते. पोलाद लाटताना सुटणारे लोह ऑक्साइडचे पापुद्रे, मँगनीज खनिजाचा चुरा, फेरो-मिश्रधातूंची भुकटी, भट्टीच्या धुराड्यात पकडलेली धूळ, या सर्वांच्या वड्या होतात.

स्नेह : चूर्णाला धरणारा गुण

चूर्णाला एकत्र धरते काय, हा प्रश्न वैशेषिकांनी स्वतंत्रपणे विचारला होता. त्यांच्या चोवीस गुणांच्या यादीत स्नेह नावाचा एक गुण आहे. सतराव्या शतकात अन्नंभट्टाने 'तर्कसंग्रह' या प्रवेशग्रंथात स्नेहाचे लक्षण सांगितले ते असे, की चूर्ण वगैरेंचा पिंड होण्याला जो गुण कारण असतो तो स्नेह, आणि तो केवळ पाण्यात राहतो. तेला-तुपातला स्निग्धपणाही त्यांतल्या जलांशाचाच, असे या परंपरेचे म्हणणे.

पेलेटच्या तबकडीवर हे लक्षण जवळजवळ जसेच्या तसे खरे ठरते. कोरडे चूर्ण कितीही घोळवले तरी गोळी धरत नाही. साधारण ९ ते १० टक्के ओलावा आला की कणांच्या फटींत पाण्याचे सूक्ष्म पूल तयार होतात, पाण्याच्या पृष्ठताणामुळे ते कणांना आत ओढतात, आणि गोळी वळली जाते. पाणी फार झाले तर पूल मोडून चिखल होतो. कच्च्या गोळीची ताकद खरोखरच पाण्याच्या एका गुणातून येते, हे पारंपरिक नैयायिकाचे निरीक्षण अचूक होते.

त्याची मर्यादाही इथेच दिसते. गोळी वाळते, भाजली जाते, पाणी पूर्ण निघून जाते, आणि पिंड सुटण्याऐवजी अधिक बळकट होतो. भाजलेल्या एका चांगल्या पेलेटवर २०० किलोहून अधिक भार ठेवला तरी ती टिकते. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याला ही अडचण ठाऊक होती. एकत्र धरून ठेवणाऱ्या गुणाला तो संग्रह म्हणतो आणि सांगतो, की कच्च्या घड्यात तो पाण्याच्या संयोगाने येतो आणि भाजलेल्या घड्यात अग्नीच्या संयोगाने. आजचे स्पष्टीकरण याला अनुकूल आहे. भाजताना शेजारच्या कणांतले अणू एकमेकांच्या सीमेपलीकडे सरकतात आणि पाण्याच्या पुलाच्या जागी हेमॅटाइटचाच घन पूल उभा राहतो. थंड रीतीने केलेल्या वडीत हेच काम चुना-साखरेचे किंवा सिमेंटचे संयुग करते. धरणारे बदलत जाते आणि धरलेपण मात्र टिकून राहते.

पिंड नवा आहे काय?

न्याय-वैशेषिकांचा आरंभवाद सांगतो की कार्य हे कारणाहून वेगळे आणि नवे असते. सूत एकत्र येऊन वस्त्र होते तेव्हा, आधी नसलेले एक द्रव्य आरंभ पावते. सूत हे त्याचे समवायी कारण, सुतांचा परस्परसंयोग हे असमवायी कारण, आणि विणकर व माग ही निमित्त कारणे. याच चौकटीत वडी बसवली तर खनिजाचे कण हे समवायी कारण, त्यांचा संयोग हे असमवायी कारण, आणि रूळ, दाब व कामगार ही निमित्त कारणे ठरतात. बंधक वडीतच राहतो म्हणून त्यालाही समवायी कारणांत धरावे लागेल.

अवयवी खरा का मानायचा, याचे न्यायसूत्रांतले एक कारण असे, की वस्तू एका टोकाला धरली तर सबंध उचलली जाते आणि एका टोकाला ओढली तर सबंध ओढली जाते. निव्वळ कण असते तर असे झाले नसते. पण वात्स्यायन या युक्तिवादावर समाधानी नाही. लाखेने चिकटवलेले गवत, दगड आणि लाकूडही एका टोकाला धरून सबंध उचलता येते, आणि तिथे कोणी एक नवे द्रव्य उत्पन्न झाले असे मानत नाही. तेव्हा धरता-ओढता येणे हे संग्रहाचे लक्षण झाले, त्यावरून अवयवी सिद्ध होत नाही. हा आक्षेप मळीने चिकटवलेल्या वडीला थेट लागू पडतो. वडी एका हाताने उचलता येते, पण ती लाखेतल्या गवत-दगडांसारखी आहे की वस्त्रासारखी, हे उचलण्यावरून ठरत नाही.

बौद्धांचा आक्षेप याहून मूलगामी आहे. अवयवी कणांहून वेगळा असेल तर तो प्रत्येक कणात पूर्णपणे राहतो की थोडाथोडा? पूर्ण राहिला तर जितके कण तितके अवयवी होतील, आणि थोडाथोडा राहिला तर अवयवीलाच पुन्हा अवयव मानावे लागतील. शिवाय नवे द्रव्य उत्पन्न झाले तर त्याचे स्वतंत्र वजन कुठे आहे? शंभर किलो चूर्ण आणि बंधक यांच्या वड्या तोलल्या तर तराजू त्या घटकांच्या बेरजेपलीकडे झुकत नाही. उद्द्योतकरापासून पुढच्या नैयायिकांनी वजनाच्या आक्षेपाला उत्तरे दिली, पण अवयवीचे म्हणून वेगळे वजन कोणालाही दाखवता आले नाही. बौद्धांच्या मते रथ, वस्त्र, वडी ही कणसमूहाला व्यवहारासाठी दिलेली नावे आहेत.

तराजूचा कौल मान्य केला पाहिजे. वडीत वजनाने नवे काही नाही. पण बौद्ध तर्कशास्त्राने, विशेषतः धर्मकीर्तीने, खरेपणाची जी कसोटी सांगितली ती वजनाची नाही. जे काही कार्य घडवून आणण्यास समर्थ असते ते सत्, ही ती अर्थक्रियेची कसोटी. तिला वडी उतरते. वडी भट्टीतल्या थराचा भार पेलते, वायूला वाट ठेवते, उडून न जाता स्लॅगपर्यंत पोहोचते. तेच कण, तितकेच कण, सुटे असताना यांतले एकही काम करत नाहीत, उलट प्रत्येकात अडथळा आणतात. बौद्ध उत्तर देईल, की विशिष्ट रीतीने जवळ आलेले कणच हे काम करतात, त्यासाठी निराळा अवयवी नको. पण 'विशिष्ट रीतीने' या शब्दांत जे मान्य झाले तेच या वादातले सार आहे. रचना ही कणांच्या यादीत सापडत नाही, आणि तिच्याविना काम होत नाही. जे परिणाम घडवते त्याला केवळ नाव म्हणणे त्याच कसोटीला धरून नाही.

म्हणून दोन्ही पक्षांच्या मधली एक जागा निवडणे योग्य ठरते. वडी हे नवे द्रव्य नाही. वडी म्हणजे जुन्या द्रव्याची नवी, सामर्थ्यवान रचना आहे, आणि ती रचना कणांइतकीच खरी आहे. संग्रह हा संयोगाबरोबर येणारा निराळा गुण आहे, हे वात्स्यायनाने नोंदवलेले मत या जागेच्या सर्वांत जवळ येते.

लोह आधीच होते काय?

सांख्यांचा सत्कार्यवाद आरंभवादाच्या उलट आहे. कार्य कारणात अव्यक्त रूपाने आधीच असते, नसलेले कधी उत्पन्न होत नाही. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत यासाठी दिलेल्या कारणांपैकी दोन इथे महत्त्वाची आहेत. विशिष्ट कार्यासाठी विशिष्ट उपादानच घ्यावे लागते, आणि कोणत्याही वस्तूपासून कोणतीही वस्तू होत नाही.

लोहाच्या बाबतीत सांख्यांचे म्हणणे निर्विवाद आहे. वाळूच्या वड्या कितीही सुबक केल्या तरी त्यांतून लोह निघणार नाही. भट्टी लोह निर्माण करत नाही, ऑक्सिजनशी बांधलेले लोह सोडवते. आत गेलेल्या लोहाचा हिशेब बाहेर आलेल्या धातूत, स्लॅगमध्ये आणि धुळीत मिळून पूर्ण जुळतो. पण वडीच्या भक्कमपणाबद्दल हेच म्हणता येत नाही. तो सुट्या चूर्णात कुठेही लपलेला नसतो. ओलावा, दाब, बंधक आणि मुरण्याचा काळ यांपैकी एक चुकले की तो येतच नाही. द्रव्याच्या बाबतीत सत्कार्यवाद खरा आणि रचनेच्या बाबतीत आरंभवाद खरा, असा निर्णय हे उदाहरण देते. दोन्ही दर्शने एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत असे धरल्यामुळे त्यांचा वाद जितका तीव्र भासतो तितका तो उरत नाही.

अग्नीत काय टिकते?

कच्चा काळा घडा भाजून लाल होतो तेव्हा घडा तोच राहतो काय, यावर वैशेषिक आणि नैयायिक यांचाच आपसांत मतभेद होता. वैशेषिकांच्या पीलुपाकवादानुसार अग्नीच्या आघाताने घडा परमाणूंपर्यंत विघटित होतो, परमाणूंचा रंग बदलतो आणि त्यांतून नवा घडा रचला जातो. नैयायिकांच्या पिठरपाकवादानुसार घडा सच्छिद्र असतो, अग्नी छिद्रांतून आत शिरतो आणि सबंध घडा न मोडता भाजला जातो.

वायूने लोहखनिज धातूत बदलण्याच्या प्रक्रियेत दोन्ही वर्णने आपापल्या पातळीवर लागू पडतात. पेलेटची छिद्रे वायूला आत घेतात, अभिक्रियेची सीमा बाहेरून आत सरकत जाते, आणि वजनाच्या सुमारे ३० टक्के असलेला ऑक्सिजन निघून गेला तरी गोळीचा बाह्य आकार बहुतांशी कायम राहतो. हे पिठरपाकाचे चित्र. पण त्याच वेळी आत स्फटिकांची मांडणी मोडत असते. हेमॅटाइटचे मॅग्नेटाइट होताना अणूंची जुनी रांग टिकत नाही, नवी रांग उभी राहते, आणि त्या बदलात घनफळ वाढते. या फुगण्यामुळेच ४५० ते ६०० अंशांच्या टप्प्यात खनिजाला तडे जाऊन पुन्हा चुरा होण्याचा धोका असतो. हे पीलुपाकाचे चित्र. 'तीच वस्तू आहे काय' या प्रश्नाला कोणत्या पातळीवर हे सांगितल्याशिवाय उत्तर नाही, ही गोष्ट दोन दर्शनांच्या जुन्या मतभेदापेक्षा एका गोळीत अधिक स्पष्ट दिसते.

अग्नीत टिकणे हे वडीचे अंतिम ध्येयही नाही. भट्टीच्या वरच्या भागात तिने टिकले पाहिजे आणि खाली तिने मऊ होऊन, वितळून आपला आकार सोडला पाहिजे. जी वडी लवकर फुटते ती वाया जाते आणि जी कधीच सुटत नाही तीही वाया जाते. वैशेषिकांच्या कणादसूत्रांत कथील, शिसे, लोह, रुपे आणि सोने यांना अग्निसंयोगाने द्रवत्व येते असे म्हटले आहे. पिंडाचा सगळा प्रवास त्या द्रवत्वाकडे जाणारा आहे. ज्या धातूत अजून छिद्रे आहेत त्याचा पिंड मात्र टिकवण्यासाठीच करतात. नैसर्गिक वायूने केलेले स्पंज आयर्न हवा आणि ओलावा लागताच पुन्हा गंजते व तापते. ते ६५० अंशांहून अधिक तापमानाला दाबले की छिद्रे मिटतात, घनता प्रति घनसेंटिमीटर ५ ग्रॅमच्या वर जाते आणि समुद्रमार्गे वाहून नेणे सुरक्षित होते. गुजरातेतील हजिरा आणि रायगड जिल्ह्यातील साळाव इथल्या प्रकल्पांनी अशा वड्या केल्या आहेत. त्याही शेवटी विजेच्या भट्टीत वितळण्यासाठीच असतात. अवयवी अनित्य आहे, हे बौद्धांचे म्हणणे इथे पूर्ण खरे आहे. अनित्य म्हणून तो खोटा, हे मात्र त्यातून निघत नाही.

उरलेल्याचा प्रश्न

पिंडाचा विचार त्यातून वगळलेल्याचा विचार केल्याशिवाय पुरा होत नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात टॅकोनाइट हा निकृष्ट, कठीण लोहखडक आहे. तिथल्या विद्यापीठात ई. डब्ल्यू. डेव्हिस यांनी अनेक वर्षे संशोधन करून तो दळून, चुंबकाने लोहकण वेचून त्यांच्या पेलेट करण्याची रीत बसवली, आणि १९५० च्या दशकाच्या मध्यात रिझर्व्ह मायनिंग कंपनीचा सिल्व्हर बे इथला मोठा कारखाना सुरू झाला. एक टन पेलेटमागे सुमारे दोन टन दळलेला दगड उरत होता. तो रोज सुमारे ६७,००० टन या प्रमाणात लेक सुपीरिअर या सरोवरात सोडला जाई. त्यात ॲस्बेस्टॉससारखे तंतू आढळल्याने लोकांच्या पिण्याच्या पाण्याची चिंता उभी राहिली. १९७४ मध्ये संघीय न्यायाधीश माइल्स लॉर्ड यांनी कारखाना बंद करण्याचा आदेश दिला. अपिलात तो स्थगित झाला, पण पुढे १९८० मध्ये सरोवरात दगड सोडणे थांबले आणि तो जमिनीवर साठवला जाऊ लागला.

गोव्यात हाच प्रश्न उलट बाजूने दिसला. तिथले लोहखनिज बरेचसे बारीक आणि कमी प्रतीचे. खाणींच्या कडेला टाकून दिलेल्या ढिगांना एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, चीनची मागणी वाढल्यावर, गिऱ्हाईक मिळाले. ढीग तेच, त्यांतले कण तेच, आणि काल टाकाऊ म्हटलेले आज खनिज झाले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणकाम थांबवले. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात खनिजविक्रीच्या रकमेतील १० टक्के कायमस्वरूपी निधीत ठेवण्याचा निर्देश दिला, तो पुढच्या पिढ्यांच्या हक्काचा विचार करून.

टाकाऊपणा हा वस्तूत राहणारा गुण नाही, हे गोव्याचे ढीग दाखवतात. तो वस्तू, गरज आणि बाजार यांच्यातला संबंध आहे, आणि संबंध बदलला की तो नाहीसा होतो. पण टाकाऊ हे नाव बदलत असले तरी टाकलेली वस्तू कुठे नाहीशी होत नाही, हे सरोवराच्या उदाहरणावरून कळते. सतचा नाश नाही, हे सांख्यांचे तत्त्व इथे नैतिक बंधन होते. पिंडाची रचना खरी मानणाऱ्याने, तिच्यासाठी बाजूला काढलेल्या प्रत्येक टनाची जागा आणि जबाबदारीही तितकीच खरी मानली पाहिजे. धूळ आणि पापुद्रे यांच्या वड्या करून त्या पुन्हा भट्टीत वापरणे हा त्या जबाबदारीचा एक भाग आहे. तोही अमर्याद नाही. भंगारातून आलेले जस्त दर फेरीत धुळीत साठत जाते, आणि एका मर्यादेनंतर ते वेगळे काढल्याशिवाय ती धूळ झोतभट्टीत घालता येत नाही.

अवयवीच्या वादातून, खनिजाच्या पिंडापुरते, हे निष्कर्ष निघतात. पिंडात नवे द्रव्य नाही, नवी रचना आहे. ती रचना जे काम करते ते सुट्या कणांना जमत नाही, म्हणून ती नाममात्र नाही. ती कणांपासून स्वतंत्रपणे उभी राहू शकत नाही आणि काम संपताच विरते, म्हणून ती नित्यही नाही. द्रव्य मात्र शिल्लक राहते, धातूत, स्लॅगमध्ये, धुळीत आणि टाकून दिलेल्या दगडात. रचना करणाऱ्याचे कर्तव्य या चारही ठिकाणांचा हिशेब ठेवण्याचे आहे.